कर्ण्यावर घेतलेलं नाव

प्रियदर्शनी दुर्बीण घेऊन माडीवर गेली ती शेवटचं एकदा आभाळ बघून घ्यावं म्हणून. नदीकडं बघायचं नाही, एवढं तिनं जिना चढतानाच मनाशी पक्कं केलं होतं. दुपारी दुर्बीण वाचनालयात जमा करायची आणि पुन्हा तिचं नाव काढायचं नाही, असा सासूचा, म्हणजे छबूबाईचा, हुकूम होता. आणि हुकूम साधा नव्हता. आदल्या दिवशी चुलीपुढं बसून छबूबाईनं आन घातली होती, "इथून पुढं नदीकडं दुर्बीण लावशील तर माज्या कुंकवाची आन हाय तुला!"

आता कुंकवाची आन म्हणजे काय, हे वडदरीत कुणाला सांगावं लागत नाही. आन मोडणारीचं काही जात नाही. जातं ते जिचं कुंकू तिचं. छबूबाईचं कुंकू म्हणजे आश्रुबा घुगे, प्रियदर्शनीचा सासरा. माणूस असा गरीब, की म्हशीलासुद्धा अहोजाहो करील. अशा माणसाच्या जिवावर आन घालायची म्हणजे छबूबाई किती पेटली असेल बघा.

हे सगळं रामायण सुरू झालं वाचनालयापायी. वडदरीचं सार्वजनिक वाचनालय म्हणजे मारुतीच्या पाराशेजारची एक स्लॅबची खोली, पण तिथला ग्रंथपाल योगीराज डोक्यानं जरा तिरपागडा. नुसती पुस्तकं ठेवून त्याचं समाधान होईना. त्यानं एक लोखंडी कपाट वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं शौकाचं कपाट. त्यात एक बाजाची पेटी, दोन कॅरम, बुद्धिबळाचे पट, तीनचार बासऱ्या, चांदण्या ओळखायचे तक्ते, कपडे बेतायचे कागदी नमुने, आणि जिंतूरच्या कुण्या निवृत्त मास्तरांनी दिलेली ही दुर्बीण. सगळं फुकट. घरी न्यायचं, शिकायचं, हौस भागवायची आणि आठवड्यानं आणून द्यायचं. वय विचारणार नाही, शिक्षण विचारणार नाही.

फक्त वस्तू वेळेवर आली नाही, की योगीराज मारुतीच्या कळसाला बांधलेल्या कर्ण्यावरून नाव पुकारायचा. सुरुवातीला लोक शरमेनं लाल व्हायचे. मग हळूहळू कातडी जाड झाली. आता तर कर्ण्यावरून नाव आलं, की माणूस तंबाखू मळता मळता म्हणायचा, "वरडू दे त्याला, त्याचं कामच हाय ते," आणि खुशाल कूस बदलायचा.

प्रियदर्शनीचं माहेर येलदरी. धरणाच्या पाण्यावर थव्यानं येणारी पाखरं बघत ती वाढलेली, पण त्यांची नावं तिला कुणी सांगितली नव्हती. वाचनालयात पाखरांचं पुस्तक मिळालं, जोडीला दुर्बीण मिळाली, आणि सून माडीवरून हलेना. कुठला पाणकावळा कुठल्या खडकावर पंख वाळवत बसतो, हे तिला घरातल्या भांड्यांसारखं पाठ झालं. पण गावाला पाखरं दिसत नव्हती, गावाला दिसत होती माडीवर दुर्बीण लावून उभी असलेली बाई. सूर्यभान नावाचा एक गडी, ज्याला गावच्या प्रत्येक सुनेची फिकीर, तो पारावर चारचौघांत म्हणाला, "आमी सकाळी नदीला जायाचं, आन घुग्यांच्या सुनंनं वरून बघायचं का?" झालं! तिला पडली होती पाणकावळ्यांची, आणि ह्याला पडली होती स्वतःची. पण गोष्ट छबूबाईच्या कानावर आली ती तिखटमीठ लावूनच, आणि संध्याकाळी आन पडली.

तर त्या दिवशी माडीवर प्रियदर्शनी इमानानं आभाळच बघत होती. पावसाळा सरला होता, ऊन स्वच्छ होतं. गाव सोयाबीनच्या काढणीला माळावरच्या रानात गेलेलं, नवरा रविकांत माल घेऊन जिंतूरला आडतीवर गेलेला. तेवढ्यात धरणाचा भोंगा वाजला.

भोंग्याचं वडदरीला काही अप्रूप नाही. वीजघराचं पाणी सुटतं तेव्हा तो वाजतोच. पाणी येतं, घोटाभर नाहीतर गुडघाभर चढतं आणि निघून जातं. बाया भोंग्यावर भाकरी थापायला घेतात. गावाची ही सवयच घात करणारी होती, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार? भोंगा थांबला आणि पुन्हा वाजला. थांबला, पुन्हा वाजला. येलदरीच्या लेकीच्या अंगावर काटा आला. वर बुलढाण्याकडं दोन दिवस पाऊस लागून राहिलाय हे तिनं ऐकलं होतं, आणि धरण तर काठोकाठ भरलेलं. हा वीजघराचा भोंगा नव्हता. ही दारं उघडली होती.

आभाळात पाणकावळे दिसले. एकदोन नाहीत, सगळेच्या सगळे, वरच्या वळणाकडून उठून खाली येणारे. मागून बगळे उठले. पाखरांच्या मागोमाग दुर्बीण खाली आली, आणि कसली आन न् कसलं काय, ती सरळ नदीवर गेली. वरच्या वळणाचा काळा खडक, पाणकावळ्यांचा नेहमीचा, जागेवर नव्हता. तिथं गढूळ पाणी उसळत होतं.

तिनं दुर्बीण नदीच्या पात्रातल्या खालच्या बेटाकडं फिरवली आणि तिच्या तोंडून "अगं आई गं!" निघून गेलं. बेटावर म्हैस चरत होती, आणि करंजाखाली आश्रुबा पाय पसरून बासरी वाजवत बसला होता.

बासरी शौकाच्या कपाटातली. हे घरात फक्त प्रियदर्शनीला ठाऊक होतं, तेही दुर्बिणीमुळं. पोराचं लग्न झालेला माणूस बासरी शिकतोय म्हटल्यावर लोक हसतील, म्हणून तो म्हशीचं निमित्त करून बेटावर जायचा. तिनं सासऱ्याचं गुपित पोटात ठेवलं होतं. बेटाच्या गावाकडच्या अंगाला उतार होता, एरवी गुडघाभर पाण्यातून माणूस चालत यायचा. पाणी चढलं की पहिला बंद होणार तो उतारच.

ती जिना उतरली का घरंगळली, तिचं तिला कळलं नाही. छबूबाई अंगणात सूप घेऊन बसली होती.

"आत्याबाई, मामा बेटावर हायत. धरणाची दारं उघडलीत. लोंढा वळणावर आला!"

"भोंगा तर रोजच होतो की."

"रोजचा न्हाई ओ हा! खडक बुडाला वरचा. मी बघितला."

छबूबाईचं सूप थांबलं. तिची नजर सुनेच्या हातातल्या दुर्बिणीवर गेली. "तू नदीकडं लावलीस?"

प्रियदर्शनीनं दुर्बीण पदराआड केली. खोटं बोलायला सवड नव्हती आणि खरं बोलायला तोंड नव्हतं.

"माज्या कुंकवाची आन घातली होती तुला! मोडलीस? आन वर तोंड करून सांगायलीस, की मामा बेटावर हायत म्हनून? अगं कैदाशिणी, तूच आनलंस हे त्यांच्यावर!"

प्रियदर्शनीच्या काळजात ते खोल रुतलं, कारण तिच्याही मनात नेमकं तेच आलं होतं. मी बघितलं म्हणून हे झालं का? डोळे भरून आले. पण रडत बसायची ती वेळ नव्हती. "मी आनलं आसंल तर मला मागून जाळा," ती म्हणाली, "पन आगुदर त्यांना वर काढा. फोन कुठाय त्यांचा?"

फोन कोनाड्यातच होता. पाण्यात पडेल म्हणून आश्रुबा तो नेतच नसे. धावत जावं, तर नदीपर्यंतची दरड अशी की उतरेपर्यंत सगळा खेळ आटोपला असता. दोघींना एकदमच कर्णा आठवला. छबूबाई अनवाणीच पळत सुटली. पदर डोक्यावरून खाली आलेला त्या बाईला कळला नाही, आणि ज्या बाईचा पदर पाहुण्यांपुढं कधी बोटभर सरकला नव्हता तिला तो कळू नये, ह्यावरूनच काय ते समजा.

योगीराज पुस्तकांना खळ लावत बसला होता. चार शब्दांत त्याला सगळं उमगलं. त्यानं माईक चालू केला. प्रियदर्शनी वाचनालयाच्या बाहेरच्या जिन्यावर चढून वरच्या पायरीवर उभी राहिली आणि दुर्बीण बेटावर लावली. नदीकडून वारा होता, कर्णा जुना. बेटापर्यंत लांबवून पुकारलेलं नाव तेवढं पोचायचं, बाकीच्या शब्दांची नुसती घरघर.

"आश्रुबा घुगेऽऽ! पाणी सुटलंय, ताबडतोब वर याऽऽ!"

"ऐकलं!" प्रियदर्शनी वरून ओरडली. "मान वर केली मामानी."

"उठले का?" छबूबाईनं विचारलं.

तिनं बघितलं ते तिला सांगवेना. आश्रुबानं गावाकडं बघून हात असा झटकला, जसा माणूस माशी हाकलतो, आणि बासरी पुन्हा ओठाला लावली.

"न्हाई उठले. पुना वाजवायलेत."

"काय वाजवायलेत?" छबूबाईनं खालून विचारलं.

योगीराजचं तोंड पांढरं पडलं. "बासरी," तो म्हणाला. "माज्याकडून नेलेली. मुदत कवाच टळली. तीन दिवस झाले, मी रोज सकाळी त्यांचंच नाव पुकारायलोय, बासरीचं नाव तेवढं घेऊ नको म्हनले होते. त्यांना वाटायलंय, मी बासरीच मागायलोय."

त्यानं पुन्हा हाक मारली, घसा फाटेपर्यंत मारली. बेटावर बासरी चालूच. गावानं योगीराजच्या आवाजाकडं दुर्लक्ष करायची सवय लावून घेतली होती, आणि आश्रुबा काही गावाबाहेरचा नव्हता. उतारावरच्या पाण्याचा रंग बदलायला लागला. पांढरं होतं ते तांबूस झालं. म्हशीनं मान वर करून हुंगलं. जनावराला कळलं, माणसाला कळेना.

"आत्याबाई," प्रियदर्शनी ओरडली, "तुमी बोला! तुमचा आवाज ऐकल्यावर उठतील ते!"

योगीराजनं माईक छबूबाईच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि तोंड उघडलं.

"अवोऽऽ! अवो, वर या होऽऽ!"

आता ह्या 'अवो'ला काय म्हणावं? वडदरीतला प्रत्येक नवरा 'अवो'च. आश्रुबानं बासरी खाली केली, वर बघितलं, इकडं तिकडं बघितलं, आणि कुण्या भजनाच्या बाया माईक तपासायल्यात असं समजून पुन्हा बसला निवांत.

"काकू, नाव घ्या!" योगीराज म्हणाला.

"मी? त्यांचं?" छबूबाईचा आवाज चिरकला. लग्नात एक उखाणा घेतला होता, तेवढंच काय ते नाव तिच्या तोंडून निघालेलं, तेही अर्धं पदरात. मतदानाच्या वेळी कुणी नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती शेजारणीला कोपर मारायची, तू सांग म्हणून. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिच्या आईनं सांगितलेलं. सगळ्या संसारात तिनं त्याला दुसरं काय दिलं असेल नसेल, पण नाव न घेऊन आयुष्य मात्र देत आली होती. आणि आज, आन मोडलेली असताना, वर हेही करायचं?

"आगुदरच आन मोडलीय गं," ती रडकुंडीला येऊन वर बघत म्हणाली. "आता मी पन नाव घेतलं तर काय ऱ्हाईल त्यांचं?"

प्रियदर्शनीच्या दुर्बिणीत उताराचे दगड एकेक करून बुडत होते. तिचा सासूपुढं कधी आवाज चढला नव्हता. आता चढला. "आत्याबाई, नाव राखायचंय का मानूस? बोला लवकर! उतार चालला!"

छबूबाईनं डोळे गच्च मिटले. आणि मग जो आवाज निघाला, तो माळावर सोयाबीन काढणाऱ्यांनीही ऐकला.

"आश्रुबाऽऽ! ए आश्रुबाऽऽ! ऊठ मेल्याऽऽ! पानी आलं रेऽऽ! आश्रुबाऽऽऽ!"

"उठले!" प्रियदर्शनी किंचाळली. "आत्याबाई, उठले! ताडकन उठले!"

उठणारच! माणूस एकवेळ धरणाच्या भोंग्याला ऐकणार नाही, पण छबूबाई आपलं नाव घेते म्हणजे पृथ्वी तरी बुडाली असणार, नाहीतर ती तरी. आश्रुबानं गावाकडं बघितलं, मग नदीकडं बघितलं, आणि त्याला दिसलं. तो उताराकडं धावला. पाय घातला आणि मांडीपर्यंत गेला. मागं सरकला.

"काय झालं? बोल की गं!"

"उतार गेला, आत्याबाई."

छबूबाई मटकन खाली बसली, माईक हातातच. तिचं हुंदकणं कर्ण्यावरून साऱ्या शिवारात ऐकू जात होतं, आणि रानातली माणसं विळे टाकून धावत सुटली होती.

"म्हशीकडं चाललेत," प्रियदर्शनी सांगायला लागली. आता तिचे डोळे म्हणजेच सासूचे डोळे होते. "म्हैस पान्यात घातली. शेपूट धरली. बासरी... बासरी दातात धरलीय मामानी. पान्यात उतरले. वाहून चाललेत... न्हाई, म्हैस पवायलीय. डोकं दिसायलंय म्हशीचं. मामाचं..."

ती थांबली.

"मामाचं काय?"

"दिसंना."

प्रियदर्शनीनं दुर्बीण पाण्याबरोबर खाली खाली नेली. गढूळ पाणी, वाहत आलेलं झुडूप, पुन्हा पाणी. एका ठिकाणी म्हशीची पाठ काळीभोर वर आली, आणि तिच्यामागं एक पांढरं मुंडासं.

"हाय! हाय, आत्याबाई! बाभळीजवळ काठाला लागले. म्हैस चढायलीय. मामा चढले! पडलेत काठावर. हललेत. उठून बसलेत!"

छबूबाईनं माईक खाली ठेवला आणि जमिनीला डोकं टेकलं.

माणसांनी आश्रुबाला वर आणलं. तो निथळत, थरथरत पाराशी आला आणि सरळ वाचनालयात शिरला. दातातली बासरी काढून त्यानं योगीराजच्या टेबलावर ठेवली. "घे जमा करून," तो म्हणाला. "आन पुन्यांदा माजं नाव पुकारू नको बाबा. म्हातारीला पुकारावं लागतंय."

लोक हसले. सूर्यभानही त्यांत होता. हसता हसता त्याची नजर प्रियदर्शनीच्या हातातल्या दुर्बिणीवर पडली आणि तो हळूच मागच्या मागं निघून गेला. छबूबाई मात्र हसली नाही. ती नवऱ्याकडं बघतही नव्हती. चारचौघांत नाव घेतलं, वर मेल्या म्हणाली, ह्या लाजेनं तिची मान वर होईना. योगीराजनं विचारलं, "वहिनी, दुर्बीण आज जमा करणार होता ना?" तेव्हा सासूच पुढं झाली. "आज न्हाई द्यायची. माज्या नावावर लिही," एवढंच बोलली आणि सुनेचा हात धरून चालती झाली.

चारपाच दिवसांनी पाणी ओसरलं. आश्रुबा दुसरी बासरी घेऊन आला होता, कारण पहिली पाण्यानं चिरली होती, आणि आता लपायचं कारण उरलं नव्हतं. दुपारी तो काठावरच्या लिंबाखाली उघड बसायचा. छबूबाई गुडघ्यावर हात देत माडीवर आली आणि सुनेला म्हणाली, "दे इकडं. कसं बघतेत ते दाव."

प्रियदर्शनीनं दुर्बीण तिच्या डोळ्याला लावली, चाक कसं फिरवायचं ते दाखवलं. छबूबाई ते मागंपुढं फिरवत राहिली.

"भुवया पांढऱ्या झाल्या गं त्यांच्या," ती शेवटी म्हणाली. "आन हनुवटीवर वण हाय एक. कवाचा हाय कुनास ठाऊक."

"आत्याबाई, रोज तर समोर असतेत की!"

"समोर असतेत. पन मान वर करून मी कवा बघितलंय?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडू होतं का हसू, ते प्रियदर्शनीला ओळखता आलं नाही. "वाजवतेत कसं? बरं का?"

"इथून ऐकू येत न्हाई."

"ऱ्हाऊ दे. दिसायलंय तेवढं पुरं."

आठवडा भरला तशी मारुतीच्या कळसावरून योगीराजची हाक आली, "छबूबाई आश्रुबा घुगे, दुर्बीण जमा कराऽऽ!" छबूबाईनं ती ऐकली, न ऐकल्यासारखं केलं, आणि दुर्बिणीचं चाक आणखी जरासं फिरवलं.